गेमच्या तोंडाला लावलेलं कुंकू

गेल्या दिवाळीत आमच्या घरात फराळ करायचा नव्हता, म्हणून बहिणींनी आपापल्या घरचे डबे भरून आणले. भाऊबीज झाली, त्या परत गेल्या, डब्यातल्या चकल्या मऊ पडल्या. मग एका संध्याकाळी करायला काहीच उरलं नाही तेव्हा मी स्टूल घेतलं आणि कपाटावरचा टीव्ही गेम खाली काढला. पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा, त्याला दोन रिमोट, आणि एक कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलंय, निघतात मोजके, आणि त्यातला आम्ही एकच खेळायचो, रणगाड्यांचा. वायरी टीव्हीला जोडल्या, कॅसेट खोचली, बटण सरकवलं.

चित्र आलं, पण त्याला चित्र म्हणवत नव्हतं. विटांच्या भिंती असायच्या तिथं इंग्रजी अक्षरं आणि आकडे सांडले होते. काळ्या पडद्यावरून एक करडा पट्टा सारखा खालून वर सरकत होता. माझा पिवळा रणगाडा आला तो अर्धाच, मागचं धूड गायब. हिरवा रणगाडा तर कुठं दिसेचना. मी दुसरा रिमोट उचलून त्याचं बटण दाबलं, तर गोळी सुटल्याचा आवाज आला. म्हणजे तो होता, फक्त दिसत नव्हता.

हिरवा रणगाडा माझ्या बायकोचा. ती श्रावणात गेली. पोटाचं दुखणं होतं, कळायला उशीर झाला, आणि त्यापुढचं मी इथं सांगणार नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. ओतून आलेलं कास्टिंग हातात घ्यायचं आणि त्यात काय चुकलंय ते शोधायचं, हा धंदा. असल्या कामानं माणसाचा स्वभाव नासतो. कुणाच्या लग्नाला गेलो तरी मला नवरा-नवरीच्या आधी मांडवाचा वाकडा खांब दिसतो. बायको म्हणायची, तुम्हाला स्वर्गात नेलं तरी दार घासतंय म्हणून परत फिराल. तेव्हा गेममध्ये दोष निघाला म्हटल्यावर मला वाईट वाटायच्या आधी थोडी तरतरीच आली, हे खरं आहे. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताला घरात काहीतरी काम लागलं होतं. मला फार काही नको होतं. तो हिरवा रणगाडा एकदा पडद्यावर अख्खा दिसावा, एवढंच.

पन्नाशीला आलेली दोन माणसं संध्याकाळी पोरांचा गेम खेळत बसतात, हे लोकांना सांगायची सोय नाही. आम्ही सांगितलंही नाही. गेम मुळात माझ्या मलकापूरच्या मेव्हण्याचा. लग्नात माहेरून आलेल्या ट्रंकेत ती तो घेऊन आली आणि कितीतरी वर्षं तो ट्रंकेतच राहिला. आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, कुणी सांगितलेली झाडपाल्याची औषधं झाली, आणि ते सगळं थांबलं तेव्हा आमच्या लक्षात आलं की आमच्यात बोलायला विषयच उरला नाही. मी कामावरून यायचो, ती चहा ठेवायची, मी पेपर उघडायचो. भांडणसुद्धा होत नव्हतं. भांडायला निदान काहीतरी लागतं.

एका सुट्टीला ती ट्रंक उन्हात टाकत होती, त्यात हा डबा निघाला. तिनंच वायरी लावल्या. मी पेपरच्या वरून बघत होतो. एकटीला जमेना तशी तिनं दुसरा रिमोट माझ्यापुढं टाकला. पुढं ती वहिवाटच पडली. मी पहिल्या शिफ्टवरून आलो की चहा, आणि चहा झाला की कुकरची शिट्टी होईपर्यंत गेम. खेळताना ती गप्प बसायची नाही. शत्रूच्या रणगाड्यांशी मंडईत भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलायची, माझ्या चुका मोजायची, मध्येच सकाळी पाण्याला आलेल्या बाईनं काय सांगितलं ते सांगायची. नजर पडद्यावर असली की माणसाला काहीही बोलता येतं, समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. आम्ही मुलाचं पहिल्यांदा नीट बोललो ते गेम खेळतानाच. पाहुणे आले की डबा बघून विचारायचे, हा कुणाचा? त्यांचा रोख मला कळायचा आणि मी दुसरीकडं बघायचो. ती म्हणायची, आमचाच.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथून आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, खुरपं, पक्कड, शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला त्या दिवशी आराम आणि हळदकुंकू. ती त्यात गेमही मांडायची. ओल्या बोटानं हळद, त्यावर कुंकू, वर जोतिबाचा चिमूटभर गुलाल. आणि ते डब्याच्या पाठीवर कुठंतरी लावावं, तर तसं नाही. कॅसेट खोचायची खाच असते ना, ते गेमचं तोंड, म्हणून बरोबर तिथं. पहिल्या वर्षी मी बोंब मारली. आत पिना असतात, पितळेच्या, त्यांना कचरा लागला की संपलं. कुंकू लावून मशीन चालत असतं तर कंपनीनं मेंटेनन्स खातं कशाला ठेवलं असतं, असंही म्हणालो. आमच्या फाउंड्रीत त्याच दिवशी भट्टीपुढं नारळ फुटतो आणि मीही कपाळाला गुलाल लावून घेतो, ते सोयीस्कर विसरलो.

ती शांतपणे बोट पुसत म्हणाली, "अवं, रोज सांजच्याला आपल्याला बोलाय लावतंय ते. त्येला मान नको व्हय?"

 पण दरवर्षी मी कुरकुरायचो आणि ती दरवर्षी लावायची. कधी चित्र जरा हललं की मी म्हणायचो, बघ तुझं कुंकू. ती म्हणायची, कॅसेट काढून परत घाला. तसं केलं की चालायचं.

तर दिवाळीनंतर चित्र बिघडलं तेव्हा मला दोष शोधायची गरजच वाटली नाही. चोर मला आधीच माहीत होता. फक्त चोराला हात लावायची माझी तयारी नव्हती. खाचेच्या दोन्ही कडांना ते कुंकू तसंच होतं, तिच्या बोटाच्या रुंदीएवढं. त्या खंडेनवमीला घरात पूजा झालीच नव्हती, म्हणजे ते आदल्या वर्षाचं. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंवरचं केव्हाच पुसलं गेलेलं. विळी घासली जाते, मिक्सर पुसला जातो, स्कूटर पावसात भिजते. तिच्या हातचं कुंकू घरात राहिलेलं ते एवढंच.

म्हणून मी बाकी सगळं करून बघितलं. कॅसेटमध्ये फुंकर मारली, जी असला गेम खेळणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी मारली आणि जिच्यानं पिनांना थुंकी लागण्यापलीकडं काही होत नाही. कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासल्या, त्या सोन्यासारख्या लखलखल्या, चित्र तसंच. कॅसेट अर्धवट दाबून बघितली, डावीकडं कलवून बघितली, तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारून बघितली. पुठ्ठ्यानं अक्षरांच्या जागी आकडे आले, एवढीच प्रगती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि रंग घालवून बसलो, ते परत आणायला एक अख्खा रविवार गेला.

रविवारचं मला तसंही संकटच असतं. पूर्वी सकाळी मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहायचं, ती मसाला वाटायची. आता एकट्यासाठी मटण आणायला जीव होत नाही. दुकानदार विचारतो, पावणं हल्ली दिसत न्हाईसा. मी म्हणतो, गोळ्या चालू आहेत, मटण वर्ज्य आहे.

शेवटी डबा पिशवीत घालून राजारामपुरीत एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गेलो. माझ्यापेक्षा बराच तरुण, दुकानात देवाच्या फोटोला लायटिंग. त्यानं आधी मला आणि मग गेमला खालपासून वरपर्यंत बघितलं. असलं काही तो करत नाही म्हणाला, आणि म्हणता म्हणता स्क्रू खोलायला लागला. झाकण काढून त्यानं आत बॅटरी मारली आणि हसला.

"पावणं, हे बगा की. आत गुलालाचं पोतं सांडल्यागत हाय. हे साफ केल्याबिगर कायबी हुणार न्हाय."

त्यानं स्पिरिटची बाटली आणि ब्रश घेतला सुद्धा. मी त्याचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा, कारण त्याचं हसू गेलं. राहू दे, मी घरी करतो, म्हणालो. त्यानं खांदे उडवले आणि झाकण लावून दिलं. बाहेर येऊन मी स्कूटरला किल्ली लावली. मला त्याचा राग आला होता. खरं तर तो मी इतकी वर्षं म्हणत होतो तेच म्हणाला होता, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला सहन झालं नाही.

घरी आल्यावर डबा टेबलावर ठेवला आणि बरेच दिवस त्याच्या बाजूनं ये-जा केली. पुसलं तर हिरवा रणगाडा दिसेल, नाही पुसलं तर कुंकू राहील. दोन्ही तिचंच. असा पेच कुणापुढं मांडावा? फाउंड्रीत मांडला असता तर जन्मभर टोपणनाव पडलं असतं.

डिसेंबरात मी गेम घेऊन एसटीनं मलकापूरला गेलो. मेव्हण्याकडं अजून जुना डब्याचा टीव्ही आहे. दोष आमच्या नव्या टीव्हीत असेल, जुन्यावर चित्र नीट येईल, आणि पुसायची वेळच येणार नाही, अशी माझी आशा होती. क्वालिटीवाला माणूस आशेवर एसटीचं तिकीट काढतो म्हणजे तो किती टेकीला आलेला असेल बघा.

मेव्हणा मोठ्या आवाजाचा माणूस. तो गेम बघून त्याला काय आनंद झाला. तायडीनं लग्नात हा पळवून नेलता, मी चार दिवस जेवलो न्हवतो, असं त्यानं आपल्या बायकोला सांगितलं. तिनं ते शंभर वेळा ऐकलेलं असणार. दोघांनी मिळून टीव्ही ओढला, मागच्या वायरी जुळवल्या. गेम माझा, कॅसेट माझी, अडॅप्टरही मी घरूनच नेलेला. लावलं. तीच अक्षरं, तोच सरकता पट्टा, तोच अर्धा पिवळा रणगाडा. मेव्हण्यानं दुसरा रिमोट घेऊन बटणं दाबली. गोळीचे आवाज आले. हिरवा काही दिसला नाही.

मी त्याला झाकण काढून दाखवलं. तो आत बघत राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. हे ताईनं घातलेलं? मी मान हलवली. पुसायचं की नाही ते मला कळत नाही म्हणालो. माहेरचं असं तिचं त्याच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं, त्याचाही हक्क होता. मला वाटलं तो राहू दे म्हणेल, मग माझी सुटका होईल. पण तो म्हणाला की ठेवायचा तर देव्हाऱ्यात ठेवा, खेळायचा तर साफ करा, असं मधल्यामध्ये किती दिवस हिंडणार. जेवून जा म्हणाले दोघंही. शेवटची गाडी चुकेल असं सांगून मी निघालो. शेवटच्या गाडीला अजून बराच वेळ होता आणि स्टँडवर मी तो बसून काढला.

पुढच्या सुट्टीला दुपारी मी टेबलावर पेपर पसरला. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट, कापूस, एक नवा टूथब्रश. झाकण काढलं.

दिवसभर मी तुटलेल्या कास्टिंगचे थर वाचतो, कुठं वाळू घुसली, कुठं हवा अडकली. तसं ते वाचता येत होतं. सगळ्यात वर गुलाबी गुलाल, त्याखाली लाल, त्याखाली पिवळं, मग पुन्हा गुलाबी. नीट बघितलं असतं तर वर्षं मोजता आली असती. मी मोजली नाहीत. एका कडेला तिच्या बोटाच्या रेषा उमटलेल्या होत्या, किंवा मला तसं वाटलं. फोटो काढावा असा विचार आला, मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. फोटो काढून काय करणार होतो?

कुंकू पुसणं म्हणजे आपल्याकडं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा गेला की बाईचं पुसतात. आता आमच्या जिल्ह्यात गावंच्या गावं ठराव करून ते बंद करायला लागली आहेत, आणि बरंच झालं. बायको गेली की पुरुषाला काही पुसावं लागत नाही, काही काढून ठेवावं लागत नाही. तो दहा-बारा दिवसांनी दाढी करून कामावर जातो. मीही गेलो होतो. कँटीनमध्ये चहा प्यायलो, दोघा-तिघांनी पाठीवर हात ठेवला, आणि पुढच्या लॉटचं कास्टिंग आलं. माझ्या वाट्याला ते पुसणं आता, इतक्या महिन्यांनी, असं आलं. मी कापूस भिजवला आणि पुसलं.

सगळं निघायला तास गेला. पाण्यात कालवलेली हळद पिनांच्या बुडाशी सिमेंटासारखी बसली होती, ती ब्रशनं सुटेना तेव्हा टाचणीनं काढली. कापसाचे बोळे लालभडक झाले. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, तिच्यात ते टाकायला हात होईना, म्हणून दारातल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरले. मग परत आत आलो. खाच नवीकोरी दिसत होती. पितळ चमकत होतं. माझ्या हाताखाली कुणा पोरानं इतकं चांगलं काम केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती.

झाकण लावलं, कॅसेट खोचली, बटण सरकवलं.

अक्षरं. आकडे. करडा पट्टा. अर्धा पिवळा रणगाडा. हिरवा नाही.

मी शिव्या दिल्या. कुणाला ते सांगता येणार नाही. दुरुस्तीवाल्याला, त्या गेम बनवणाऱ्याला, स्वतःला, आणि खोटं कशाला बोलू, तिलाही दिल्या, की असं मध्येच टाकून जायचं होतं तर गेम ट्रंकेतून काढलास कशाला. मग पिनांवर अजून काही राहिलं असेल म्हणून तिथंच बसून पुन्हा सगळं पुसलं. कापूस पांढराच्या पांढरा निघाला. पुसायला काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर गेम टेबलावरच पडून होता. मी रोज कामावरून आलो की एकदा चालू करून बघायचो आणि बंद करायचो. एका संध्याकाळी चालू केला तर काहीच आलं नाही, कचराही नाही. लाल दिवा लागेना. भिंतीतल्या अडॅप्टरला हात लावला तर चटका बसला आणि जळका वास आला. वितळून गेला होता बिचारा. गेमइतकाच जुना, जाडजूड काळा ठोकळा, कायम घूं घूं करायचा. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झालेली की तो कुठून येतो हे कधी मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी येताना तसाच नवा अडॅप्टर आणला. काही अपेक्षा नव्हती. लावला, बटण सरकवलं.

चित्र आलं. विटा विटांच्या जागी, रंग रंगांच्या जागी. पट्टा नाही, थरथर नाही. डावीकडं पिवळा रणगाडा उभा, आणि उजवीकडं हिरवा. अख्खा, स्वच्छ, जसा असायचा तसा. मला एकदम इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. रिकाम्या घरात एकट्यानं वाजवलेली टाळी कशी ऐकू येते ते ज्यानं वाजवली त्यालाच कळेल.

आणि मग डोक्यात उजेड पडला. अडॅप्टर मरत चालला होता. करंट कमी पडत होता म्हणून चित्र फाटत होतं. पिनांचा काही संबंध नव्हता, कुंकवाचा काही संबंध नव्हता. कोणताही दोष शोधताना आधी सप्लाय बघायचा, हे मी कामाला लागलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एकही सोडायची नाही. मी कॅसेट बदलून बघितली, टीव्ही बदलून बघितला, मलकापूरपर्यंत जाऊन आलो, आणि अडॅप्टर तोच घेऊन गेलो. कारण मला चोर आधीच ठाऊक होता. कितीतरी वर्षं ठाऊक होता.

मी मेव्हण्याला फोन लावला. गेम चालू झाला हे ऐकून तो ओरडलाच. मग मी कसा चालू झाला ते सांगितलं.  माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला,

"म्हंजी ताईचं कुकू उगंच काढलंसा की, दाजी."

त्यात टोमणा नव्हता. तो फक्त समजून घेत होता. मी व्हय म्हणालो. मग तो ऊसतोडीचं काहीतरी बोलला, थंडी फार पडलीय म्हणाला, आणि फोन ठेवला.

टीव्ही चालूच होता. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत मी तसाच बसलो. मग दोघांचा खेळ निवडला आणि माझा रिमोट उचलला. तिचा सतरंजीवर तिच्या जागी ठेवला होता.

त्या गेममध्ये एक गंमत आहे. आपली गोळी चुकून आपल्याच जोडीदाराला लागली तर तो मरत नाही. जागच्या जागी थिजतो आणि थोडा वेळ लुकलुकत राहतो. माझ्याकडून हे हमखास व्हायचं, आणि मी ते मुद्दाम करतो असं तिचं म्हणणं असायचं. मग ती रिमोट मांडीवर आपटून माझ्या डोळ्यांपासून सुरुवात करायची आणि माझ्या खानदानात जन्माला आलेल्या एकेकाला घेत घेत, लुकलुकणं थांबेपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची.

हिरवा रणगाडा आल्या जागी उभा होता. वरून शत्रूचे रणगाडे उतरायला लागले होते, भिंती फुटत होत्या, मला तिकडं जायला हवं होतं. मी माझा रणगाडा वळवला, तिच्या समोर नेला आणि गोळी झाडली. तो लुकलुकायला लागला. मी शेजारी बघितलं. लुकलुकणं थांबलं, रणगाडा परत नुसता उभा राहिला.

मी परत झाडली. मागं आम्ही दोघांनी राखायचा तो तळ शत्रूनं फोडला, खेळ संपला, पडद्यावर तसं लिहून आलं. मी पुन्हा पहिल्यापासून चालू केला आणि सरळ तिच्याकडं वळलो. कुणीतरी मला शिव्या घालाव्यात म्हणून मी कितीतरी वेळ तिच्यावर गोळ्या झाडत बसलो होतो.